अकरावीला संगीत घ्यावं का? गाणाऱ्या मुलीच्या आईला सविस्तर उत्तर

नागपूरहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची लेक सीबीएसईच्या शाळेतून दहावी झाली. गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षा प्रारंभिकपासून मध्यमा पूर्णपर्यंत दिल्यात आणि आता अकरावीला सायन्सबरोबर हिंदुस्थानी गायन हा विषय घ्यायचा म्हणते. घरात एकमत होत नाही. काका म्हणतात, क्लासला जातेच आहे, मग शाळेत परत तेच कशाला? बाबांना वाटतं, सायन्स मागे पडेल. आणि ताईंची स्वतःची भीती वेगळीच आहे: आवडीचं गाणं मार्कांच्या फेऱ्यात सापडलं तर पोरीला ते नकोसं होईल का?

ताई, मी अकरावी-बारावीच्या मुलांना गाणं शिकवते त्याला सव्वीस वर्षं झाली. विषय घेऊन फुललेली मुलं पाहिली, तशी अर्ध्यात कंटाळलेलीही पाहिली. माझं उत्तर आधीच सांगते: घेऊ द्या. पण दोन गोष्टी पक्क्या असतील तरच. शाळेत खरोखर गाणारा, शिकवणारा शिक्षक हवा, आणि लेकीची रोज बसायची तयारी हवी. यातली एक जरी नसली तर क्लास चालू ठेवा आणि शाळेत दुसरा विषय घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

आता काकांचं म्हणणं. क्लासमध्ये तेच, शाळेत तेच, असं बाहेरून वाटतं खरं. रागही ओळखीचेच. सीबीएसईत गायनाचा कोड ०३४, स्वरवाद्यांचा ०३५ आणि तालवाद्यांचा ०३६. लेखी ३० गुणांचं, प्रात्यक्षिक ७० गुणांचं. अकरावीला बिहाग, भीमपलासी, भैरवी. बारावीला भैरव, बागेश्री, शुद्ध सारंग, मालकंस. विलंबित आणि द्रुत, म्हणजे संथ आणि जलद ख्याल, एखादा तराणा, एखादा धृपद किंवा धमार दुगुणीसह, म्हणजे दुप्पट लयीतही म्हणायचा. प्रवेश घेताना त्या वर्षीचा अभ्यासक्रम मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्याच, कारण तपशील अधूनमधून बदलतात. मध्यमा पूर्ण झालेल्या मुलीला ही यादी बघून वाटेल, यातलं निम्मं तर मला येतं.

येतं म्हणजे गाता येतं. विषय म्हणून संगीत घेतलं की त्याच्यापुढचं मागतात. आपण काय गातोय ते कानाने ओळखायचं, शब्दांत सांगायचं आणि कागदावर उतरवायचं. मला या विषयाचं सगळं मोल इथेच दिसतं.

एक उदाहरण देते, कारण दरवर्षी ते माझ्या वर्गात घडतं. बारावीची मुलगी बागेश्रीचा आलाप करते. सुरुवात छान: मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या निषादावरून षड्ज, मग कोमल गंधार, मध्यम, धैवत. म ध नि ध म, झकास. वर तार, म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज लागला, आणि उतरताना ती सवयीने सरळ येते: सां नि ध प, म ग रे सा. सूर एकही चुकला नाही, पण बागेश्री गेला आणि भीमपलासी आला. तिला कळतही नाही. मी हात वर करते, ती थांबते आणि विचारते, "बाई, कुठे बेसूर झाले?" बेसूर कुठेच नाही झाली. दोन्ही राग काफी थाटातले, म्हणजे एकाच स्वरकुळातले, दोन्हींत गंधार आणि निषाद कोमल, दोघांचाही वादी, म्हणजे मुख्य स्वर, मध्यम. फरक आहे तो चालीत. भीमपलासी चढताना ग म प नि असा पंचमावरून जातो आणि उतरताना सरळ खाली येतो. बागेश्री चढताना पंचमाला शिवतच नाही, म ध नि असा धैवतावरून जातो. उतरताना म प ध ग असं वळण घेऊन पंचमाला नुसता स्पर्श करतो आणि मग म ग रे सा. एवढा एक पंचम कसा घेतला, यावर दुपारचा राग मध्यरात्रीचा होतो.

क्लासमध्ये गुरुजी काय करतात? "असं नाही, असं" म्हणून गाऊन दाखवतात, मुलगी मागून म्हणते, दुरुस्त होतं. ते बरोबरच आहे, आपलं गाणं तसंच टिकलं. पण विषयाच्या तासाला मी तिला फळ्यापाशी उभी करते. दोन्ही रागांचे आरोह-अवरोह, म्हणजे चढते-उतरते स्वर, एकाखाली एक लिही, आणि तुझा आलाप नेमका कुठे घसरला तिथे खूण कर. ती खूण तिने स्वतःच्या हाताने केली की पुढे आयुष्यात बागेश्रीत तसा पंचम लागत नाही. अकरावीला भीमपलासी आणि बारावीला बागेश्री असा जो क्रम आहे, त्याचा असा उपयोग करून घेणारा शिक्षक मिळाला तर काकांच्या प्रश्नाचं उत्तर तुमची लेकच देईल.

दुसरी गोष्ट तंबोऱ्याची. हल्ली सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तंबोरा आहे. प्रवासात, वसतिगृहात, रात्री शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून तो उपयोगी पडतो, मीही वापरते. पण ज्या मुलांनी तंबोरा फक्त मोबाइलवर ऐकलाय, त्यांना खरा तंबोरा मांडीवर दिला की गोंधळतात. चार तारा: पंचम, मग जोडाचे दोन षड्ज, आणि शेवटी पितळेच्या तारेचा खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. पंचमाची तार मधल्या बोटाने, बाकीच्या तर्जनीने. आधी जोड लावायचे. खुंटी पिळताना दुसऱ्या हाताने तार हळू छेडत राहायची, कारण तार वर जाताना कुठे थांबायचं ते कानाला आधी कळलं पाहिजे, हाताला नंतर. दोन षड्ज जवळ आले की त्यांच्यात एक लाटेसारखी थरथर ऐकू येते. वँव, वँव, वँव. सूर जुळत आले की ती लाट लांबते, संथ होते, आणि मग एकदम विरते. खुंटीने जमेना झालं की घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खालचे मणी सरकवून शेवटची केसभर दुरुस्ती करायची. मग घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती दोरा सरकवत जव्हारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलवायची. दोरा एका जागी आला की तारेचा नुसता टणत्कार जातो आणि आवाज उमलतो.

हे करायला सुरुवातीला माझ्या मुलांना चाळीस-चाळीस मिनिटं लागतात. अख्खा तास जातो, एक ओळ गायली जात नाही. पालक विचारतात, "बाई, आज काय शिकवलंत?" मी सांगते, आज ऐकायला शिकवलं. दिवाळीपर्यंत तेच मूल सात-आठ मिनिटांत तंबोरा लावतं. मग एक दिवस कुणीतरी खर्जाची तार छेडून डोळे मिटतं आणि म्हणतं, "बाई, यात गंधार ऐकू येतोय!" तारेवर गंधार लावलेलाच नसतो. चांगल्या लागलेल्या खर्जातून तो आपोआप उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सायन्सच्या मुलांना लगेच पकडते: फिजिक्सला तरंगांच्या धड्यात हार्मोनिक्स आलेत ना? हा पाचवा. सी. व्ही. रामन यांनीही तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीचा अभ्यास करून लिहिलं होतं, ते मी आवर्जून सांगते. मालकंस शिकवायची वेळ आली की पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणायची, कारण त्या रागात पंचमच नाही. का आणायची हे ज्याने स्वतः तार उतरवून ऐकलं, त्याला ते पाठ करावं लागत नाही.

हे तंबोरे आपल्याच मिरजेत बनतात, हेही मुलांना सांगावं लागतं. शिकलगार घराण्यातले कारागीर पूर्वी हत्यारांना धार लावायचे, तेच वाद्यांकडे वळले आणि त्यांच्या पिढ्यांनी देशभर तंबोरे, सतारी पुरवल्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सुट्टीत मिरजेला जाणं झालं तर लेकीला त्या गल्लीत एकदा घेऊन जा. भोपळा कसा वाळवतात, घोडी कशी घासतात ते बघताना ती जे शिकेल ते मला वर्गात शिकवता येणार नाही.

आता शास्त्र, म्हणजे ते ३० गुण. गाणाऱ्या मुलांना सगळ्यात जास्त कंटाळा याचा येतो, आणि दोष मुलांचा नाही. व्याख्या पाठ करून घेतल्या की ग्राम, मूर्च्छना, गमक, कण हे नुसते शब्द राहतात. मींड म्हणजे काय हे लिहायच्या आधी ती गळ्यातून दहा वेळा काढून घेतली पाहिजे, आणि खटका-मुरकीतला फरक वहीच्या आधी गळ्याला कळला पाहिजे.

अभ्यासक्रमात संगीत रत्नाकर आणि संगीत पारिजात हे दोन ग्रंथ आहेत. मुलं चार ओळी पाठ करून मोकळी होतात. पण रत्नाकर लिहिला कुठे गेला ते महाराष्ट्रातल्या किती मुलांना ठाऊक असतं? तेराव्या शतकात, देवगिरीला. म्हणजे आपला दौलताबाद. यादव राजा सिंघणाच्या दरबारात रत्नाकराचा कर्ता शार्ङ्गदेव हिशेब-कारभाराच्या मोठ्या हुद्द्यावर होता. त्याच्या आजोबांचं घराणं काश्मीरहून दक्षिणेत आलेलं. त्याच्या ग्रंथात सात अध्याय: स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन. दौलताबादच्या किल्ल्यावर सहली जातात. तो अंधारी भुयारी मार्ग सगळ्यांना आठवतो, पण याच डोंगराच्या पायथ्याशी हे लिहिलं गेलं हे कुणी सांगत नाही. मी सांगते, आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्या वर्गात कुणी सोडत नाही.

पारिजात तर प्रयोग करून शिकवावा असाच ग्रंथ आहे. त्याचा कर्ता अहोबल याने वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरांच्या जागा सांगितल्या. मी एका फळीवर ३६ इंच मोकळी राहील अशी तार ताणते आणि मुलांच्या हातात मोजपट्टी देते. पूर्ण तार म्हणजे षड्ज. बरोबर मधोमध, १८ इंचांवर, वरच्या सप्तकातला षड्ज. त्या दोघांच्या मधोमध, २७ वर, मध्यम. तारेचे तीन भाग करून एक भाग सोडला, की २४ वर पंचम. पूर्ण तार आणि पंचम यांच्या मध्ये ३० वर आपला कोमल गंधार. आणि त्याच अंतराचे तीन भाग करून पहिल्यावर, म्हणजे ३२ वर, ऋषभ. मुलं बोट ठेवतात, छेडतात, आणि गळ्याने तपासतात. ३६ ला २४ ने भागलं की दीड, २७ ने भागलं की एक पूर्णांक एक तृतीयांश. पाच मिनिटांत गणित, फिजिक्स आणि सतराव्या शतकातला एक संस्कृत ग्रंथ एका तारेवर येतात. बाबांना सांगा, सायन्स मागे पडत नाही, हे मी दरवर्षी डोळ्यांनी बघते.

चरित्रांचंही तसंच. बारावीला फैयाज खाँ, बडे गुलाम अली खाँ आणि कृष्णराव शंकर पंडित. जन्म-मृत्यूची सालं पाठ करायच्या आधी तिघांची ध्वनिमुद्रणं ऐकवा, तीन दिवस, रोज एक. फैयाज खाँसाहेब आग्रा घराण्याचे आणि बडोद्याच्या दरबारचे, तर त्या आवाजातली नोमतोमची, म्हणजे बंदिशीआधीच्या आलापाची झेप आधी कानात जाऊ दे. कृष्णराव पंडित ग्वाल्हेरचे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली ती प्रामुख्याने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. म्हणजे तुमच्या लेकीने ज्या परीक्षा दिल्या त्यांची मुळंही तिथेच जातात. विष्णुबुवांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, आणि गाणं लोकांच्या पैशावर, शाळेसारखं, पोटच्या मुलांखेरीज इतरांनाही शिकवता येतं हे दाखवलं. शाळेत संगीत हा विषय असतो याच्या मागे ते आहेत, आणि विष्णु नारायण भातखंडे आहेत.

भातखंड्यांबद्दल मराठी घरांत एक गोष्ट माहीत असायला हवी. हिंदुस्थानी संगीतपद्धती हे त्यांचं मोठं लेखन मूळ मराठीत आहे, चार भागांत, गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. देशभरची मुलं ते हिंदी भाषांतरातून वाचतात, आपल्या मुलांना मूळ वाचता येतं. भाषा जुनी आहे, पण शिष्य जे प्रश्न विचारतो ते अगदी सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या मनातले आहेत. एखादं पान रात्री जेवणानंतर लेकीबरोबर वाचून बघा.

आता स्वरलिपी, म्हणजे गाणं खुणांनी कागदावर लिहायची पद्धत. इथे मध्यमा झालेल्या मुलांचे हमखास गुण जातात, म्हणून नीट वाचा. बोर्डाच्या पेपरात भातखंडे पद्धतीने लिहायचं असतं. काही क्लासमध्ये अजून पलुसकर पद्धत शिकवतात. दोन्ही चांगल्याच, पण खुणा एकमेकींच्या उलट जातात. भातखंड्यांकडे स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. पलुसकरांकडे डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. भातखंड्यांची उभी रेघ तर तीव्र मध्यमासाठी. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, भातखंडे × लिहितात आणि खालीला, म्हणजे टाळी न देता हात सोडायच्या मात्रेला, शून्य. पलुसकर समेला १ लिहितात आणि खालीला +. एका मुलीने बिहागची बंदिश अप्रतिम गायली होती. तिने पेपरात तीच लिहिली, पण मंद्र निषादाच्या डोक्यावर टिंबं दिली. तपासणाऱ्याच्या दृष्टीने बंदिश मधूनच वरच्या सप्तकात उड्या मारत होती. सराव परीक्षेत झालं म्हणून निभावलं. तुमच्या लेकीच्या जुन्या वह्या काढा, तिला कुठली पद्धत शिकवली आहे ते बघा, आणि वेगळी असेल तर सुट्टीतच दहा बंदिशी नव्या पद्धतीने उतरवून घ्या.

तालाबद्दल थोडकं. गाणाऱ्या मुलांना ताल येतो तो तबलेवाल्याच्या भरवशावर. परीक्षेत तबला थांबवून हातावर म्हणायला सांगतात. झपताल दहा मात्रांचा, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दुगुण एका आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेरीत, बसवायची तर सहाव्या मात्रेपासून, म्हणजे नेमकी खालीपासून उचलायची. धमार चौदाचा, तिथे आठव्यापासून, तीही खालीच. मुलांना वाटतं हाच नियम. मग रूपक येतो, सात मात्रांचा आणि समेवरच खाली असलेला. साताचं निम्मं साडेतीन. चौथ्या मात्रेचा अर्धा भाग रिकामा सोडून सुरुवात: ऽतीं, तींना, धीना, धीना. हे कागदावर पाठ करून उपयोग नाही. चालताना पावलांवर म्हणायचं. बसथांब्यापर्यंत जाता-येता रोज म्हटलं तर महिन्यात पक्कं होतं.

ताई, तुमची भीती मी सगळ्यात शेवटी घेणार होते, पण ती आत्ताच घेते, कारण ती खरी आहे. मार्कांमुळे गाणं नकोसं होतं का? होतं, पण मी पाहिलंय ते असं. ज्या घरात आणि ज्या शाळेत संगीत हा "टक्केवारी वाढवणारा विषय" म्हणून घेतला, तिथे मूल गाण्यापासून तुटलं. चार राग, प्रत्येकी पाच ताना घोटून पाठ, परीक्षा झाली, तंबोऱ्याला गवसणी. असा माझा एक विद्यार्थी होता. आवाज असा की वर्ग गप्प व्हायचा. घरी रोज एकच प्रश्न: प्रॅक्टिकलला किती पडतील? बारावीला त्याला उत्तम गुण मिळाले आणि त्यानंतर तो गायला नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं, आणि मी त्या वेळी त्याच्या घरच्यांशी पुरेसं बोलले नाही याचंही.

म्हणून एक विनंती करते. घरात गुणांचा विषय काढू नका, आज काय गायलीस ते विचारा. आणि अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी तिच्या गळ्यात राहू द्या. अभंग असेल, भावगीत असेल, आजीने शिकवलेली ओवी असेल. क्लासच्या गुरूंकडे अभ्यासक्रमातलेच राग घ्यायचा हट्ट धरू नका. शाळेत बागेश्री चालू असताना त्यांनी यमनच सहा महिने चालवला तर चालवू द्या. तो मुरलेला यमन बागेश्रीलाही उपयोगी पडेल.

बाबांचा वेळेचा हिशेब राहिला. सीबीएसईत पाच विषयांवर सहावा विषय घेता येतो, आणि सायन्सच्या मुलांनी संगीत घ्यायचं तर बहुतेक वेळा ते असंच बसतं. मात्र शाळा तो विषय देत असली पाहिजे, आणि अकरावीला नोंदवलेला विषयच बारावीला न्यायचा असतो, त्यामुळे "घेऊन बघू, नाही जमलं तर सोडू" हा विचार अकरावीच्या नोंदणीआधीच करा. रोजचा रियाज तासाभराचा धरा. सकाळी उठल्यावर वीस मिनिटं खर्जात षड्ज, संध्याकाळी चाळीस मिनिटं आलाप-ताना-बंदिश. प्रवेश परीक्षांच्या कोचिंगसाठी सकाळी सहाला घर सोडून रात्री नऊला परतणारी मुलगी असेल तर मात्र हे जमणार नाही, आणि मी खोटी आशा दाखवणार नाही. त्या दोन वर्षांत क्लासही आठवड्यातून एकदाच होतो. कोचिंग जवळ असेल, घरून अभ्यास असेल, तर तासभर निघतो, आणि तो तास बाकीच्या अभ्यासाला हलकं करतो.

मुलांच्या पालकांसाठी जाता जाता: मुलाचा आवाज फुटतोय त्या काळात त्याला जुन्या पट्टीत गायला लावू नका. आठवीत हार्मोनियमच्या काळी चारमध्ये गाणारा मुलगा अकरावीत काळी एकवर किंवा पांढरी दोनवर येऊन बसतो, आणि मधले काही महिने आवाज कुठेच बसत नाही. त्या दिवसांत हळू आवाजात मंद्र सप्तक, भरपूर श्रवण आणि हातावर ताल. ताणून गाऊन आवाजाची कायमची खराबी झालेली मुलं मी पाहिली आहेत.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या मुलांनाही बारावीला संगीत आहे. शास्त्रीय गायन, सुगम गायन, वाद्यवादन, तालवाद्य, भारतीय संगीताचा इतिहास आणि विकास असे वेगवेगळे विषय आहेत. पण ते शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालयं थोडी, आणि बहुतेक कला शाखेत. आठवी-नववीत असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा पास झालेल्या मुलांना राज्य मंडळाच्या दहावीला वाढीव गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो, म्हणून प्रमाणपत्रं फाइलला लावून ठेवा आणि नियम शाळेत विचारा.

शाळा बघायला जाल तेव्हा माहितीपुस्तक बाजूला ठेवा आणि संगीताची खोली दाखवा म्हणा. तंबोऱ्याला गवसणीवर धूळ आहे की तारेला बोटांची चमक आहे ते बघा. तबल्याची साथ करायला माणूस येतो का, आठवड्यातून किती तास, ते विचारा. वेळापत्रकात संगीताचा तास शेवटचा टाकून तोच दर वेळी गणिताला जातो का, हे वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा, ती खरं सांगतात. आणि शिक्षकांना दोन मिनिटं गायची विनंती करा. वावगं वाटण्यासारखं त्यात काही नाही. मी पालकांसाठी नेहमी गाते. एका शाळेत मी नोकरी करत असताना संगीताची खोली परीक्षांचे गठ्ठे ठेवायला घेतली गेली. आम्ही वर्षभर जिन्याखाली शिकलो. मुलांनी तक्रार केली नाही, पण दुसऱ्या वर्षी विषय घेणारी मुलं निम्मी झाली. खोलीवरून शाळेचं मन कळतं.

पुढे काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण घरात निघेलच. पुण्याला विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धतीने गाण्यात पदवी करता येते. बडोद्याला सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची विद्याशाखा आहे, तिची मुळं १८८६ च्या मौलाबक्षांच्या गायनशाळेत. छत्तीसगडमधल्या खैरागढला संगीत आणि कलेचंच विद्यापीठ आहे, नागपूरहून ते लांब नाही. गोव्यात कला अकादमी आहे. अठरा ते पंचवीस वयात केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती, आकाशवाणीची ऑडिशन, इकडे विशारद-अलंकार या पुढच्या परीक्षा. आणि इंजिनिअर होऊन रोज पहाटे गाणारी माझी मुलंही आहेत, त्यांच्याइतकं बारकाईने ऐकणारे श्रोते मला मैफलीत दुसरे दिसत नाहीत.

आता शाळा सुरू व्हायला जितके दिवस आहेत त्यांचं सांगते. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी खर्जाचा षड्ज, घड्याळ लावून वीस मिनिटं, दमसास जितका लांबेल तितका. भीमपलासीची एक बंदिश भातखंडे पद्धतीने लिहायची, दुसऱ्या दिवशी फक्त कागद बघून गायची, आणि जिथे कागद आणि गळा जुळत नाही तिथे लाल खूण करायची. आठवड्यातून तीन रात्री दिवे मालवून एकेक ख्याल पूर्ण ऐकायचा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि ओळखीत कुणाकडे तंबोरा पडून असेल तर तो उन्हाळ्यापुरता घरी आणा. एखादी तार तुटलेली असली तरी चालेल. नवी तार ओवायला तिलाच बसवा.